सातव्या प्रकरणाचा लिलाव

"अठरा पानं, रिबकाबाई. फक्त अठरा," पाळकसाहेब म्हणाले. "तेवढी काढली की पुस्तक छापखान्यात गेलंच म्हणून समजा."

"आन् न्हाई काढली तर?"

"मग समितीचा नाइलाज आहे."

नाइलाज! हा शब्द ऐकला की रिबकाला दवाखान्यातला कंपाउंडर आठवायचा. औषध संपलं म्हणून सांगताना तोही तोंड बारीक करून हेच म्हणायचा, आणि बाटली त्याच्या पाठीमागच्या फळीवर सगळ्यांना दिसत असायची.

हंगामाच्या सणाचा रविवार होता. देवळाची पहिली घंटा व्हायला अजून तासभर होता. कातळवाडीच्या दावीद मास्तरांच्या, म्हणजे रिबकाच्या दादाच्या पडवीत टेबलाच्या एका अंगाला साळवे पाळकसाहेब बसले होते, दुसऱ्या अंगाला मास्तर, आणि मधे रिबकाची काळ्या पुठ्ठ्याची जाडजूड वही. पाळकसाहेब सणाच्या उपासनेसाठी पुण्याहून आलेले. ख्रिस्ती मंडळीच्या वाङ्मय समितीचे सचिवही तेच. दुपारनंतरच्या एस्टीनं ते पौडमार्गे परत जाणार होते. वही त्यांच्या पिशवीत जायची की रिबकाच्या ट्रंकेत, हे ठरवायला दादानं बहिणीला सकाळीच बोलावून घेतलं होतं. बोलावणं कसलं, पेशीच ती.

आठ वर्षं ती लिहीत होती. दिवसभर दवाखान्यात दाईचं काम, बायकांच्या किंकाळ्या, उकळतं पाणी, आणि मधल्या वेळात वही. पहिली वही वाळवीनं खाल्ली. दुसरी तिनं एका मासिकाकडे पाठवली, ती परत आली. आत चिठ्ठी होती : लेखिकेचं शिक्षण किती? रिबकानं पोस्टकार्ड टाकलं : तुमची चिठ्ठी वाचता आली, तेवढं. तिसरी ही. आणि ही तर समितीनंच मागितलेली. पुढच्या वर्षी कातळवाडीच्या मंडळीला पन्नास वर्षं पुरी होत होती. इथला पहिला ख्रिस्ती कोंडिबा ओहोळ, म्हणजे या दोघा भावंडांचा बाप. त्याचं चरित्र छापायचं ठरलं. आधी अर्थातच हेडमास्तर मुलाला सांगितलं. त्यानं दोन पानं लिहिली, त्यात तीनदा सनावळी चुकली, आणि त्याला शाळेचं काम निघालं. मग विधवा बहिणीनं बारा प्रकरणं लिहून पुढ्यात टाकली. अकरा समितीला आवडली. सातवं नाही.

सातव्यात धरण होतं. खोऱ्यातली गावं पाण्याखाली जाणार म्हणून मावळातले शेतकरी धरणाच्या पायात आडवे पडले होते, आणि कोंडिबा त्याच पायात चुना टाकायच्या कामावर होता. घरातल्या कुणी हे सदतीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं.

"बाबांचा फोटो देवळात आहे, रिबका," दादा म्हणाला. "पोरं त्याच्याकडे बघून प्रार्थनेला बसतात."

"बसू दे की. फोटो खोटा न्हाई. त्याच्या खाली लिवलंय ते अर्धं हाय."

"ख्रिस्ती लेखकाचं काम उभारणीचं असतं, बाई," पाळकसाहेबांनी आवाज मऊ केला. "वाचणाऱ्याचा विश्वास वाढला पाहिजे."

"पाया बगितल्याबिगर उभारणी कशी करायची, साहेब? कोंबडा आरवायच्या आत पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं. शुभवर्तमान लिवणाऱ्यांनी खोडलं का ते? चौघांनी लिवलं. चौघांनीबी!"

"तो पेत्र होता."

"व्हय. आन् त्याचा ल्योक शाळंचा हेडमास्तर नव्हता, म्हणून छापून आलं."

दाराशी सुपात तांदूळ निवडत बसलेल्या त्यांच्या आईचा, धोंडाबाईचा, हात थांबला. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनच्या गोऱ्या साहेबानं तिला नवं नाव देऊ केलं होतं. देवाला माझं जुनंच ठावं हाय, म्हणून तिनं ते परत केलं होतं. असली बाई. पण आज ती लेकाच्या बाजूनं होती.

"मेल्या मानसाचं झाकावं, पोरी," ती म्हणाली. "जित्याचं काय, ते उगडं पडतंच."

"आई, तू बगितलं नव्हतंस. मी बगितलं."

"तुला काय कळत होतं?" दादा उसळला. "सहा वर्षांची होतीस! आणि तू लिहिणारी कोण लागून गेलीस गं? दवाखान्यातल्या बाटल्यांवरची अक्षरं जुळवून वाचायला शिकलीस."

"त्येच्याचमुळं ठावं हाय, दादा. इखाच्या बाटलीवर इख असंच लिवत्यात. मध लिवलं तर माणूस मरतं."

दादाची बायको लीलाबाई कप उचलायला आली होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण नवऱ्यानं बघायच्या आत ते विझलं. पाळकसाहेबांनी घड्याळ काढलं. "उपासना संपेपर्यंत विचार करा. मी वही नेईन ती अकरा प्रकरणांची. नाहीतर नेणार नाही."

रिबकानं वही उचलली आणि काखेत मारली. पायरीशी लीलाबाईनं तिला गाठलं.

"वन्सं, थोडं नमतं घ्या. आठ वर्सांचं काम हाय. छापून तर येऊ द्या."

"नथीसाठी नाक कापू व्हय, वहिनी?"

लीलाबाईनं पदराच्या टोकानं वहीच्या पुठ्ठ्यावर पडलेला चहाचा थेंब पुसून काढला.

*

कातळवाडीचं देऊळ म्हणजे दगडी भिंतींची, कौलारू छपराची एक लांबट खोली. एरवी तिथं शाळेचे वर्ग भरायचे. सणाच्या दिवशी वेदीपुढं जाजम अंथरायचं आणि घराघरानं आपल्या हंगामाचं पहिलं फळ त्यावर आणून ठेवायचं. आंबेमोहोराची गाठोडी, नाचणी, वरई, घेवडा, पाय बांधलेले कोंबडे. वासानंच पोट भरावं. नियम एकच आणि तो मंडळीच्या आरंभापासूनचा : जाजमावर ठेवलं ते देवाचं. ठेवणाऱ्यानं परत उचलायचं नाही, पाळकानं नाही, पंचानंही नाही. उपासना झाली की बाहेर जांभळीखाली त्याचा लिलाव व्हायचा, आणि बोली पैशात नाही तर नव्या तांदळात. पायलीनं. तो तांदूळ नाताळच्या जेवणाला आणि ज्यांच्या घरी भात झाला नाही त्यांना.

रिबकाला जमीन नव्हती. दरसाल ती अंडी ठेवायची. यंदा मुंगसानं कोंबड्या नेल्या होत्या, म्हणून ती बायकांच्या रांगेत मोकळ्या हातानं उभी राहिली. मोकळ्या कसल्या, काखेत वही होतीच. पुढची बाई भोपळा ठेवून बाजूला झाली आणि जाजम रिबकाच्या पायाशी आलं. सगळी बघत होती. दाई बाई काय ठेवते?

तिला एकाएकी राग आला. आठ वर्षं नांगरलं, पेरलं, वाळवीनं खाल्लं तर परत पेरलं. मग पीक ते आणखी काय असतं? ती वाकली आणि भोपळ्याच्या नि भाताच्या पेंडीच्या मधे तिनं वही ठेवून दिली.

पहिल्या बाकावरून दादा अर्धा उठला. "उचल ती," तो दातांतून म्हणाला.

"जाजमावरचं उचलत न्हाईत, दादा. तूच पोरांना शिकवतोस."

पाळकसाहेब वेदीपाशी उभे होते. त्यांनी वहीकडे बघितलं, मग मंडळीकडे. साठसत्तर डोकी खाली झालेली, प्रार्थनेची वाट बघत. त्यांनी हात पसरले आणि त्या सगळ्या ढिगावर आशीर्वाद मागितला : कोंबड्यांवर, घेवड्यावर आणि सातव्या प्रकरणावरही. मधेच त्यांनी एक डोळा उघडलेला रिबकानं बघितला, कारण तिचे दोन्ही उघडे होते.

आमेन म्हणून डोकी वर आली तेव्हा दादाचा चेहरा निवळला होता. हा चेहरा रिबकाला लहानपणापासून ठाऊक होता. वाट सापडली की दादा असा शांत व्हायचा.

आणि मग तिलाही ती वाट दिसली. कातळवाडीत भाताची कणगी सगळ्यांत मोठी कुणाची? दादाची. लिलावात त्याच्या पुढं बोली करणारं कुणी होतं का? नव्हतं. तो जांभळीखाली जाणार, वही देवाच्या नियमानं विकत घेणार, आणि मग ती वही त्याची. ठेवील, कापील, चुलीत घालील. ती आपण होऊन, सगळ्या मंडळीच्या देखत, त्याच्या हातात देऊन बसली होती. रागानं काम केलं होतं आणि अक्कल मागून आली होती.

*

लिलाव पुकारायचा तो भिकूअण्णानंच. अंगठेबहाद्दर माणूस, पण आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरची गुरं मान वर करून बघायची. वाडीबाहेरची मंडळीही यायची. शेतकरी यायचे, पौडचा मोहिद्दीन दुकानदार कोंबड्यांसाठी यायचा. आज बांधावर गेणबा शेडगेही बसला होता. त्याचं गाव पाण्याखाली गेलेलं, तेव्हापासून शेडगे वरच्या अंगाला खडकाळ रानात राहायचे. दरसाल तो बियाण्याच्या घेवड्यासाठी यायचा आणि कुणाशी फारसं बोलायचा नाही.

"बगा, बगा! वाजवून बगा!" भिकूअण्णानं भोपळ्यावर थाप मारली. "ह्यो भोपळा न्हाई, ढोल हाय. दोन पायली? आरं, लाजा कुटं टाकल्या?"

भोपळा गेला. कोंबडा हातात घेऊन तोलून दाखवला, तो मोहिद्दीननं नेला. मधाची बाटली उन्हात धरून दाखवली, तीही गेली. मग भिकूअण्णानं वही उचलली, उलटीसुलटी केली, तिचा वास घेतला.

"ही कुणाची?"

"माझी," रिबका म्हणाली.

"पाच पायली," दादा लगेच म्हणाला. "चल, अण्णा, एक-दोन-तीन म्हण आणि दे."

"आसं कसं मास्तर? माल दाखवल्याबिगर बोली न्हाई. मागं नासकी अंडी सुटली तवापास्नं पंचांनीच ठरीवलंय. तुमीबी पंचात व्हता."

"वही आहे ती. दिसते आहे सगळ्यांना."

"भोपळा वाजीवला, कोंबडा तोलला. वहीचं काय करू? वरनं सगळ्या काळ्याच." भिकूअण्णा खरोखरच अडला होता. त्यात कावा नव्हता, हे रिबकाला स्पष्ट दिसत होतं. माणूस नियमाचा पक्का, एवढंच.

बांधावरून गेणबा म्हणाला, "तांदळाचं पोतं कसं बगता? वरचा दाणा कुणी बगतं का? मधनं काढा की मूठभर."

बायका हसल्या. भिकूअण्णाला ते पटलं. त्यानं दोन्ही हातांनी वही बरोबर मधोमध उघडली आणि रिबकाच्या पुढ्यात धरली. "वाच बाई. मूठभरच."

बारा प्रकरणांची वही मधोमध उघडली तर काय निघणार? रिबकानं पान बघितलं. अक्षरं तिचीच होती, पण ती पहिल्यांदाच दिसल्यासारखी वाटली.

"थांबव ते!" दादा ओरडला. "पाळकसाहेब, तुम्ही सांगा!"

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. पण जांभळीखालची माणसं त्यांच्याकडे नाही, वहीकडे बघत होती. रिबका थांबली नाही. थांबली असती तर तिचा आवाज गेला असता.

"'मी भाकरी घेऊन गेले तेव्हा चुन्याची घाणी चालू होती. पायाच्या चरात माणसं ओळीनं निजली होती. बायकाही होत्या. सगळ्यांत पुढं राघू शेडगे होता. मुकादम म्हणाला, काम थांबवू नका. गडी उभे राहिले. दोघांनी पाट्या खाली ठेवल्या. माझा बाप उभा राहिला नाही. तो फळीवरनं चालत आला आणि त्यानं पाटी उपडी केली. चुना राघूच्या तोंडावर पडला. राघू ओरडला नाही. तो म्हणाला, कोंडिबा, तू व्हय? बाबानं तोंड फिरवलं आणि दुसरी पाटी आणायला गेला. साहेबानं आम्हा ख्रिस्ती लोकांना सांगितलं होतं की सरकाराविरुद्ध जाऊ नका. पण पाटी टाक असं साहेबानं सांगितलं नव्हतं. ते माझ्या बापाचं होतं. त्या दिवशी त्याला दुप्पट हजेरी मिळाली, आणि तिच्यावर माझ्या भावाची शाळेची पुस्तकं आली. मी भाकरी तिथंच ठेवली आणि पळत घरी आले. मला वाटलं होतं की माझा बाप देवाचा माणूस आहे. तो होताही. हे दोन्ही खरं आहे, आणि मी दोन्ही लिहिणार आहे.'"

दादा जमिनीकडे बघत होता. त्याची कानशिलं लाल झाली होती, जशी लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायची. पुस्तकांचं वाक्य त्यालाही ठाऊक नव्हतं, हे रिबकाला आत्ता कळलं. समितीनं त्याला नुसतं धरण सांगितलं होतं. त्यानं वही उघडून बघितलीच नव्हती.

गेणबा बांधावरून उतरला आणि जांभळीच्या सावलीत येऊन उभा राहिला.

"माझा बाप एका डोळ्यानं आंधळा मेला," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "चुना कुणी टाकला आसं ईचारलं की म्हणायचा, चुन्याला नाव नसतं. मरस्तवर न्हाई सांगितलं."

"गेणबा, हे पोरीच्या मनाचं आहे—" दादानं सुरू केलं.

"मनाचं न्हाई." धोंडाबाई बोलली. ती देवळाच्या पायरीवर बसली होती आणि तिला उठायला दोन बायकांचा आधार लागला. "त्या दिसापास्नं अकरा वर्सं त्यानं प्रभुभोजनाच्या पेल्याला हात लावला न्हाई. पेला जवळ आला की मान फिरवायचा. मी मंडळीला सांगायची, त्येचं पोट दुकतंय. पोट नव्हतं दुकत. मरायच्या आदल्या रईवारी मला म्हनला, धोंडे, राघूला डोळा परत देता आला आस्ता तर पेला घेतला आस्ता." ती लेकीकडे वळली. "हे तुज्या वहीत न्हाई. लिव."

रिबकाला हे ठाऊक नव्हतं. आठ वर्षं लिहून, बापाचं एकेक वर्ष धुंडाळूनही ठाऊक नव्हतं. पोटदुखी तिनं नवव्या प्रकरणात लिहिली होती. चुकीची. आईनं सगळ्यांदेखत तिची चूक काढली होती, आणि तिला त्याचं इतकं बरं वाटलं की तिनं तोंडात पदर कोंबला.

"एक पायली," गेणबा म्हणाला.

"आं?" भिकूअण्णा भानावर आला.

"वहीला. एक पायली. न्हाई, मास्तर पाच म्हणलेत, तर सा. माझ्या बापाचं नाव उताऱ्यावर व्हतं, ती जमीन पाण्यात गेली. दुसरीकडं कुटं त्येचं नाव लिवलेलं न्हाई. हितं हाय."

"मण," दादा म्हणाला.

"दीड."

"चार मण."

गेणबाचे ओठ हलले. तो मनात आपली कणगी मोजत होता, आणि ती किती रिती आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. वरचं मी घालतो, असं मोहिद्दीननं त्याच्या कानाशी सांगितलं. "पाच," गेणबा म्हणाला.

"एक खंडी," दादा म्हणाला.

बायकांमधून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. खंडी म्हणजे वीस मण. घरचं वर्षभराचं.

"आवो," लीलाबाई पुढं आली. रिबकानं तिला चार माणसांत नवऱ्याशी बोलताना पंचवीस वर्षांत ऐकलं नव्हतं. "खंडी खंडी काय करताय? त्यो भात मी लावलाय. मी काढलाय, मी झोडलाय. माझ्या पोरांच्या तोंडातला घास काढून वही कशापायी घेताय? वाचायला?"

"तू गप्प बस."

"बसले की इतकी वर्सं."

पण बोली ती बोली. भिकूअण्णानं चौफेर बघितलं, कुणीतरी वर जावं म्हणून वाट बघितली, नको इतकी बघितली. मग पडक्या आवाजात एक म्हणाला, दोन म्हणाला. गेणबानं मान हलवली. तीन.

दादानं वही घेतली. ती त्याच पानावर उघडी होती. त्यानं टेबलावर हिशेबाची पट्टी धरून कागद फाडतात तसं शिस्तीनं एकेक पान शिवणीशी धरून फाडलं. अठरा. पानं घडी करून त्यानं कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि उरलेली वही पाळकसाहेबांपुढं धरली.

"घ्या. आता ही माझी वही आहे, खंडीभर तांदूळ मोजलाय. छापा."

रिबकाला वाटलं होतं, आता आपण रडू. पण डोळे कोरडेच राहिले. उलट उजव्या हाताची बोटं शिवशिवायला लागली, अडलेलं बाळ फिरवायच्या आधी शिवशिवतात तशी.

"छापा की, साहेब," ती म्हणाली. "पण माझं नाव घालू नका. खाली लिवा, लेखक दावीद मास्तर. एवढं फाडलं तवा लेखक झालेच की ते."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. पाळकसाहेबांचे हात वहीकडे गेले नाहीत, मागंही आले नाहीत. मधेच अडकले.

"एक ईचारू, साहेब? मागच्या चातुर्मासात... न्हवं, उपासाच्या दिसांत तुमीच शिकवलं व्हतं. बायबलातल्या त्या राजाला संदेष्ट्याचं लिवलेलं आवडलं न्हाई. त्यानं चाकूनं कापून कापून सगळी गुंडाळी शेगडीत टाकली. फुडं काय झालं?"

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. "पुन्हा लिहिली गेली."

"आन्?"

"काय आणि?"

"तुमी आन् म्हणला व्हता. मी दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिवून ठेवलंय."

"आणि," पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांचा सचिवाचा आवाज कुठंतरी गळून पडला, "आणि तिच्यात आणखी पुष्कळ मजकुराची भर घालण्यात आली."

त्यांनी हात मागं घेतले आणि पाठीशी बांधले. वही दादाच्याच हातात राहिली.

लीलाबाई देवळात गेली. आली तेव्हा तिच्या हातात शाळेचं कोरं हजेरीपुस्तक होतं, दौत होती, टाक होता.

"ते शाळेचं आहे!" दादा म्हणाला.

"मंग? शाळा कशाला आस्ती? लिवायलाच ना?" तिनं ते पायरीवर धोंडाबाईच्या शेजारी मांडलं. "बसा, वन्सं."

रिबका बसली. पुढ्यात पौषातल्यासारखं स्वच्छ ऊन, मोकळं पान. गेणबा तिच्यासमोर उकिडवा बसला. "माझ्या बापाचं पुरं नाव राघू बहिरू शेडगे," तो म्हणाला. "बहिरू ऱ्हायला व्हता तुमच्यात." भिकूअण्णानं कोंबडे बाजूला सारले आणि माणसं जवळ सरकली. काही जण मात्र उठून घरी गेले, मोठ्यानं खाकरत, जाताना धुळीत थुंकत. पंचांतले दोघे त्यांत होते. उद्या तिला दवाखान्याच्या नोकरीवरून काढा असा त्यांचा अर्ज जाईल हे रिबकाला ठाऊक होतं. जाऊ दे. वाडीत बाया बाळंत व्हायच्या थांबणार नव्हत्या.

तिनं टाक बुडवला आणि लिहायला लागली. पहिलं वाक्य तसंच आलं. दुसरं आधीपेक्षा बरं आलं. तिसऱ्यात आईचं आलं, पेल्याचं. ती लिहीत होती आणि लिहिलेलं मोठ्यानं म्हणत होती, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही माल दिसावा.

सावली पायरीपर्यंत सरकली तरी दादा जांभळीखालीच उभा होता. एका हातात वही, दुसरा कोटाच्या खिशावर. शेवटी तो दोन पावलं पुढं आला.

"हे झालं की थांबणार आहेस ना?"

"न्हाई. हे सातवं. आठवं नवं हाय."

"त्यात काय आहे?"

"आजचा दिस. जाजम, लिलाव, खंडी. तूबी हायेस."

पाळकसाहेबांची एस्टी खाली वळणावर भोंगा वाजवत आली आणि त्यांना न घेताच गेली. ते अजून मागंच उभे होते, पाठीशी हात बांधून.

"त्यात मी काय म्हणतो?" दादानं विचारलं. आवाज हेडमास्तरांचा नव्हता.

रिबकानं टाक दौतीत बुडवला, नीट निथळू दिला आणि नव्या पानाच्या वर धरून ठेवला.

"म्हण की," ती म्हणाली. "मी लिवतेय."